‘फोटो हलला’ म्हणण्यापूर्वी : दुरून टिपलेले फोटो धूसर का येतात?

सोमवारी सकाळी आमच्या संपादकीय विभागात पहिले काम असते ते रविवारी आलेले फोटो पाहण्याचे. वाचक ते मोठ्या हौसेने पाठवतात. मांडवीवर घिरट्या घालणारी ब्राह्मणी घार, करमळीच्या तळ्यावरची बदके, शिगमोत्सवातील घोडेमोडणीचा स्वार, फातोर्ड्याच्या मैदानावर चेंडूवर झेपावलेला गोलरक्षक असे कितीतरी विषय त्यांत असतात. मोबाईलच्या पडद्यावर हे सगळे फोटो छान दिसतात. संगणकावर मूळ आकारात उघडले की मात्र घारीचा डोळा सापडत नाही आणि गोलरक्षकाचा चेहरा पुसट होऊन जातो. असा फोटो नाइलाजाने बाजूला ठेवावा लागतो. पाठवणाऱ्याला तसे कळवले की बहुतेक वेळा एकच उत्तर येते, “हात हलला असेल हो!”

मराठीत आपण अशा प्रत्येक फोटोला ‘हललेला फोटो’ म्हणतो. शब्द सोयीचा आहे, पण त्यात दोषाचा निवाडा आधीच होऊन जातो आणि तो हातावर ठेवला जातो. प्रत्यक्षात टेलिफोटो झूम लेन्सने, म्हणजे दूरचे दृश्य जवळ आणणाऱ्या लांब लेन्सने काढलेला फोटो धूसर होण्याची निदान पाच निरनिराळी कारणे असतात. त्यांतल्या एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. कारण न ओळखता उपाय केला, तर पैसे जातात आणि फोटो होता तसाच राहतो. हे मला माझ्याच चुकीतून समजले.

आठ फोटो, दोन चुका

दोन वर्षांपूर्वी जानेवारीतील एका पहाटे मी खाजन शेतीच्या बांधावर बगळ्यांचे फोटो काढायला गेले होते. सूर्य जेमतेम वर आला होता. समोरच्या पाण्यातून तीन काळसर डोकी वर आली आणि ओळीने पोहू लागली. ती पाणमांजरे होती. गोव्याच्या खाड्यांत आणि खारफुटीत पाणमांजरांचा वावर आहे हे वाचून माहीत होते, पण डोळ्यांनी मी ती पहिल्यांदाच पाहत होते. अर्ध्या मिनिटात आठ फोटो काढले. मग ती गवताआड गेली, ती पुन्हा दिसली नाहीत.

घरी येऊन फोटो उघडले, तर आठही धूसर. सहकाऱ्यांना दाखवले. एक म्हणाला, पाणमांजर. दुसरा म्हणाला, ओंडके वाटतात. छायाचित्राखाली ओळ लिहिणे हे माझे रोजचे काम. त्या ओळीत ‘पाणमांजर’ हा शब्द लिहिण्याइतका पुरावा माझ्याच फोटोत नव्हता. फोटो छापला नाही.

दोष लेन्सचा आहे असे मी धरून चालले. ७०-३०० मिलिमीटरची ती साधी झूम लेन्स विकून महाग लेन्स घेण्याच्या विचारात होते. त्याआधी ते आठ फोटो पुन्हा एकदा शांतपणे पाहिले, तेव्हा लक्षात आले की ते सगळे एकाच प्रकारे धूसर नाहीत. पहिल्या पाच फोटोंत पाणी, गवत, प्राणी, सगळेच एका तिरक्या दिशेने ओढल्यासारखे दिसत होते. उरलेल्या तिनांत मात्र पुढच्या गवताची पाती सुरेख, धारदार आली होती आणि त्यामागची पाणमांजरे तेवढी विरघळली होती. पहिल्या पाचांत कॅमेरा हलला होता, पुढच्या तिनांत फोकस चुकला होता. लेन्सचा दोष त्या आठांपैकी एकातही नव्हता.

आधी फोटो वाचावा

म्हणून पहिला नियम असा की, धूसर फोटो लगेच पुसून टाकू नये. तो संगणकावर शंभर टक्के आकारात उघडावा आणि त्याला काही प्रश्न विचारावेत.

चौकटीतील सगळ्याच गोष्टी एकाच दिशेने ओढल्यासारख्या दिसतात का? तर कॅमेरा हलला. पार्श्वभूमी स्वच्छ आहे आणि फक्त पक्ष्याचे पंख किंवा खेळाडूचा पाय पुसट आहे का? तर विषय हलला. विषय मऊ आहे, पण त्याच्या पुढची किंवा मागची एखादी वस्तू धारदार आहे का? तर फोकस चुकला. रेषा वेड्यावाकड्या, पाण्यातून पाहिल्यासारख्या थरथरत आहेत का? तर दोष मधल्या हवेचा. आणि पूर्ण चित्रावर दुधाळ साय आल्यासारखी वाटते का? तर लेन्सची काच तपासावी लागेल.

एकेका कारणाकडे आता सविस्तर पाहू.

कॅमेरा हलतो तेव्हा

लांब लेन्स दूरचे दृश्य मोठे करते, तशीच हाताची थरथरही मोठी करते. पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स आडव्या दिशेने सुमारे ४० अंशांचे दृश्य टिपते, तर ४०० मिलिमीटरची लेन्स जेमतेम ५ अंशांचे. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे. त्यावर ३०० मिलिमीटरची लेन्स सुमारे साडेचार अंश पाहते आणि तेवढे दृश्य ६००० पिक्सेलांवर पसरते. हिशेब केला, तर कॅमेरा एका अंशाच्या शंभराव्या भागाने कलला तरी चित्र सुमारे १३ पिक्सेल सरकते. एवढी हालचाल श्वास घेताना, किंबहुना बटण दाबतानाही सहज होते.

यावरचा जुना ठोकताळा छायाचित्रकारांना ठाऊक असतो. लेन्स जितक्या मिलिमीटरची, निदान तितक्या अंशाचा शटर वेग ठेवावा. म्हणजे ३०० मिलिमीटरला १/३०० सेकंद. मात्र लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर हा आकडा दीडपट धरावा लागतो, काही कॅमेऱ्यांत १.६ पट, तर मायक्रो फोर थर्ड्‌स प्रकारात दुप्पट. माझ्या बाबतीत तो ४५० झाला, म्हणजे १/५०० सेकंद. हा ठोकताळा फिल्मच्या काळातला आहे, तेव्हा फोटो हातात धरून पाहिला जाई. आज आपण पडद्यावर मोठा करून एकेक पीस मोजतो. त्यामुळे त्याच्याही दुप्पट वेग ठेवला तर मन निश्चिंत राहते. त्या पहाटे माझ्या कॅमेऱ्याने स्वतःच निवडलेला वेग होता १/१६० सेकंद. पाच फोटो ओढले गेले यात नवल नव्हते.

लेन्समधील कंपनरोधक यंत्रणा येथे मदतीला येते. कॅननने १९९५ साली ७५-३०० मिलिमीटरच्या झूम लेन्समध्ये ती प्रथम आणली. अदलाबदल करता येणाऱ्या एसएलआर लेन्समध्ये अशी सोय तेव्हा पहिल्यांदाच मिळाली. आता कॅनन तिला आयएस म्हणते, निकॉन व्हीआर, टॅमरॉन व्हीसी, सिग्मा ओएस आणि सोनी ओएसएस. अक्षरे वेगळी, काम एकच. हात जिकडे हलेल त्याच्या उलट दिशेने लेन्समधील काही भिंगे सरकवून चित्र जागच्या जागी ठेवायचे. चार टप्प्यांचा आधार देणारी यंत्रणा असेल, तर १/५०० ऐवजी १/३० सेकंदालाही स्थिर वस्तूचा फोटो नीट येऊ शकतो. पण ही यंत्रणा हाताची थरथर थांबवते, पक्ष्याची हालचाल थांबवत नाही. तसेच बटण अर्धे दाबल्यावर तिला स्थिरावायला क्षणभर वेळ द्यावा लागतो. घाईत एकदम पूर्ण बटण दाबले, तर पहिला फोटो हमखास वाया जातो.

यंत्रणेपेक्षा स्वस्त उपाय म्हणजे कॅमेरा धरण्याची रीत. डावा हात लेन्सच्या बाजूला न ठेवता तिच्याखाली, जमेल तितका पुढे असावा. दोन्ही कोपरे छातीला टेकलेले असावेत. पाय थोडे फाकवून उभे राहावे, किंवा सरळ खाली बसून कोपर गुडघ्यावर टेकवावे. श्वास अर्धा सोडून बटण हळुवार दाबावे. एकामागोमाग तीन-चार फोटो घेतल्यास पहिल्यापेक्षा दुसरा-तिसरा अधिक स्वच्छ येण्याची शक्यता असते, कारण बटण दाबण्याचा धक्का पहिल्याच फोटोला लागतो. माडाच्या बुंध्याला खांदा टेकवला तरी मोठा फरक पडतो. कापडी पिशवीत तांदूळ भरून ती बांधावर किंवा गाडीच्या खिडकीच्या काठावर ठेवली आणि तिच्यावर लेन्स विसावली, तर तो उत्तम आधार होतो.

आधार निवडताना मात्र तो स्वतः हलत नाही ना, हे पाहावे. रायबंदरहून चोडणला जाताना फेरीबोटीच्या कठड्यावर लेन्स टेकवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. इंजिनची थरथर त्या लोखंडातून थेट लेन्समध्ये उतरते. तेथे शरीराचाच आधार बरा. आपले गुडघे आणि हात ती थरथर बरीचशी पचवतात. इंजिन चालू असलेल्या गाडीचे बॉनेट किंवा माणसांची ये-जा चालू असलेली लाकडी पायवाट यांचेही तसेच. ट्रायपॉड वापरताना जुन्या लेन्समधील कंपनरोधक यंत्रणा बंद करावी, अन्यथा नसलेली थरथर शोधताना ती स्वतःच चित्र हलवू शकते. नव्या लेन्सबाबत सोबतच्या पुस्तिकेत काय म्हटले आहे ते पाहावे. लेन्सला पायासाठी कडे दिलेले असेल, तर ट्रायपॉडला कॅमेरा न जोडता ते कडे जोडावे, म्हणजे पुढचे वजन लोंबकळत नाही.

विषय हलतो तेव्हा

ट्रायपॉड खडकावर रोवला आणि यंत्रणा उत्तम असली, तरी उडणारा पक्षी उडतच राहणार. समजा एखादा पक्षी सेकंदाला १० मीटर वेगाने, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरने, आपल्यापासून २० मीटरवरून आडवा गेला. शटर १/५०० सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्या वेळात तो २ सेंटिमीटर पुढे सरकतो. माझ्या कॅमेऱ्याच्या हिशेबाने ते ७५ पिक्सेलांच्या आसपास होतात. १/२००० सेकंदाला हेच अंतर अर्ध्या सेंटिमीटरवर येते. शिवाय पक्ष्याबरोबर कॅमेराही त्याच वेगाने वळवत नेला, तर उरलेली हालचालही बरीच कमी होते. म्हणून उडत्या पक्ष्याचा फोटो काढणाऱ्याने कंबरेतून वळायला शिकावे आणि बटण दाबल्यावरही वळणे मध्येच थांबवू नये.

सुरुवातीसाठी पुढील आकडे ध्यानात ठेवता येतील. फांदीवर बसलेल्या पक्ष्यासाठी १/५०० सेकंद. चालणाऱ्या, पोहणाऱ्या, मान वळवणाऱ्या प्राण्यासाठी १/१०००. फुटबॉलच्या सामन्यासाठीही किमान १/१०००, कारण धावणाऱ्या शरीरापेक्षा चेंडू मारणारा पाय कितीतरी वेगाने फिरतो. उडत्या बगळ्यासाठी किंवा घारीसाठी १/२०००. पाण्यात सूर मारणाऱ्या खंड्यासाठी १/३२०० किंवा त्याहून अधिक.

वेगाची किंमत

येथे अडचण येते ती प्रकाशाची. शटर जितके कमी वेळ उघडे राहील, तितका प्रकाश कमी. परवडणाऱ्या बहुतेक झूम लेन्स पूर्ण लांब केल्यावर एफ/५.६ किंवा एफ/६.३ इतक्याच उघडतात. मग उरतो आयएसओ. त्या पहाटे माझा आयएसओ ४०० होता. १/१६० वरून १/१२५० वर जायचे, तर प्रकाश आठपटीने कमी होतो. म्हणजे आयएसओ आठपट, ३२०० करावा लागला असता. तो मी केला नाही, कारण फोटोत दाणे दिसतील अशी भीती होती. ही भीती जवळजवळ प्रत्येक नवशिक्याला असते आणि अनेक चांगले फोटो तिनेच बिघडतात.

दाणेदार फोटोत पक्ष्याचा डोळा असतो, चोच असते, पिसांची वळणे असतात. दाणे नंतर संगणकावर बऱ्याच अंशी कमी करता येतात आणि वृत्तपत्राच्या कागदावर किंवा संकेतस्थळावर ते फारसे जाणवतही नाहीत. ओढल्या गेलेल्या फोटोत मात्र तो तपशील नोंदलाच गेलेला नसतो. माझ्यापुढे रोज येणाऱ्या फोटोंत दाण्यांमुळे नाकारावे लागलेले विरळा, धूसरपणामुळे नाकारलेले कितीतरी.

यावर व्यवहार्य तोड अशी आहे. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवून शटर वेग आणि ॲपर्चर आपण ठरवावे आणि आयएसओ ‘ऑटो’वर सोडावा. त्याची कमाल मर्यादा आपल्या कॅमेऱ्याच्या कुवतीप्रमाणे, उदाहरणार्थ ६४००, अशी बांधून द्यावी. ढग आले, पक्षी सावलीत गेला, तरी वेग ढळत नाही.

फोकस चुकतो तेव्हा

लांब लेन्सने टिपलेल्या चित्रात जे स्वच्छ दिसते त्याची खोली फारच थोडी असते. ३०० मिलिमीटर, एफ/५.६ आणि लहान सेन्सर असा संच घेतला, तर १० मीटरवरच्या विषयाभोवती सुमारे २५ सेंटिमीटर एवढाच पट्टा स्वच्छ येतो. ५ मीटरवर तो जेमतेम ६ सेंटिमीटर उरतो. म्हणजे जवळच्या फांदीवरच्या पक्ष्याच्या छातीवर फोकस बसला, तर त्याचा डोळा पुसट होऊ शकतो. डोळा स्वच्छ असेल तर बाकीचे थोडेफार मऊ असले तरी नजर ते मान्य करते, म्हणून फोकस नेहमी डोळ्यावर.

कॅमेऱ्याला सगळे बिंदू वापरण्याची मुभा दिली की तो सहसा सर्वांत जवळची किंवा सर्वांत ठळक वस्तू पकडतो. खाजनातले गवत, खारफुटीची मुळे, जाळीदार फांद्या या सगळ्या त्याला विषयापेक्षा ठळक वाटतात. माझे शेवटचे तीन फोटो असेच गवताने पळवले. अशा ठिकाणी एकच बिंदू किंवा लहानसा गट निवडावा आणि तो विषयावर स्वतः ठेवावा. मोकळ्या आकाशातल्या पक्ष्यासाठी उलट मोठा गट सोयीचा पडतो. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत प्राण्यांचा डोळा ओळखण्याची सोय असते. ती फार उपयोगी आहे, पण दाट पानांत तीही गोंधळते.

दुसरी गोष्ट फोकसच्या पद्धतीची. स्थिर विषयासाठी असलेली पद्धत एकदा फोकस धरून थांबते. विषय हलत असेल, तर सतत फोकस बदलत राहणारी पद्धत हवी. तिला निकॉन-सोनीवर एएफ-सी आणि कॅननवर एआय सर्व्हो किंवा सर्व्हो एएफ म्हणतात. आपल्याकडे येणारा पक्षी एका क्षणात त्या २५ सेंटिमीटरच्या पट्ट्याबाहेर गेलेला असतो.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. फोटोग्राफीच्या बऱ्याच झूम लेन्समध्ये लांबी बदलली की फोकसही किंचित सरकतो. १०० मिलिमीटरला फोकस धरून नंतर ३०० पर्यंत झूम केले, तर फोकस पुन्हा धरावा. प्रत्येक लेन्सला किमान अंतराची मर्यादाही असते. त्याहून जवळच्या फुलपाखरावर ती फोकस करूच शकत नाही, अशा वेळी दोन पावले मागे जावे. लेन्सवर अंतराची सीमा ठरवणारी कळ असेल, तर दूरच्या पक्ष्यांसाठी ती लांबच्या टप्प्यावर ठेवावी, म्हणजे फोकस शोधताना लेन्स उगाच या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत बसत नाही.

हवा आडवी येते तेव्हा

एप्रिल-मे महिन्यांत दुपारी वाळूवर किंवा डांबरी रस्त्यावर दूर पाहिले, तर हवा थरथरताना दिसते. गरम आणि थंड हवेचे थर प्रकाशाला वेगवेगळे वाकवतात आणि हे थर सारखे जागा बदलत असतात. साध्या लेन्समध्ये ते जाणवत नाही. ४०० मिलिमीटरच्या लेन्समधून शंभर मीटरवरचा किनाऱ्यावरचा पक्षी टिपताना मात्र त्याच्या कडा वितळतात. येथे वेग वाढवून, ट्रायपॉड लावून किंवा महाग लेन्स घेऊनही उपयोग होत नाही. उपाय दोनच आहेत. एक म्हणजे सकाळी लवकर, जमीन तापण्याआधी जाणे आणि दुसरा म्हणजे मधले अंतर कमी होईल अशी जागा शोधणे. दुपारीच काढायचा असेल, तर भरपूर फोटो घ्यावेत. हवेची थरथर क्षणाक्षणाला बदलत असल्याने एखादा बरा निघतो.

अंतर कमी करणे म्हणजे पक्ष्यावर चाल करून जाणे नव्हे. घरट्याजवळ जाऊन पालकांना उडवून लावणारा फोटो कितीही स्वच्छ असला, तरी तो आम्हाला नको असतो. एका जागी शांत बसावे, पाणी ओसरेल तसे पक्षी खाद्यासाठी आपोआप पुढे येतात. चोडणच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात होडीतून फिरतानाही होडी पुढे रेटायला सांगण्यापेक्षा इंजिन बंद करून थांबण्याची विनंती करावी. त्याने थरथरही जाते आणि पक्षीही बिचकत नाहीत.

गाडीतून फोटो काढताना काच खाली करावी. बंद काचेतून लांब लेन्सने काढलेला फोटो स्वच्छ येणे अवघडच. गाडीत वातानुकूलन चालू असेल, तर ते आधी बंद करून आतली आणि बाहेरची हवा सारखी होऊ द्यावी. नाहीतर खिडकीतच तीच थरथर निर्माण होते.

काच आणि आपले दमट हवामान

गोव्यात लेन्सचा खरा शत्रू ओल आहे. वातानुकूलित खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर आणला की थंड काचेवर बाष्प धरते आणि सगळे फोटो दुधाळ येतात. कॅमेरा बंद पिशवीतच अर्धा तास बाहेरच्या हवेत ठेवला, तर हे टळते. पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सच्या आत बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तिचे धागे उजेडासमोर लेन्स धरून पाहिल्यास दिसतात. हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या हा साधा उपाय आहे. पुड्यांतील जेलचा रंग बदलला की ते गरम करून वाळवावे किंवा बदलावे. मुख्य म्हणजे लेन्स वापरत राहावी.

पुढच्या काचेला संरक्षण म्हणून लावलेले स्वस्त फिल्टर हेही धूसरपणाचे एक दुर्लक्षित कारण आहे. लेन्स जितकी लांब, तितका वाईट काचेचा परिणाम अधिक. एकदा ते काढून तोच फोटो घेऊन पाहावा. संरक्षणासाठी लेन्सचे हूड पुरते आणि ते आडवा प्रकाशही अडवते.

लेन्स खरोखर वाईट आहे का?

इतके सगळे पाहूनही शंका उरली, तर घरच्या घरी परीक्षा घेता येते. मी ती आमच्याच दैनिकाच्या छापील पानावर घेतली. सपाट भिंतीवर वृत्तपत्राचे पान चिकटवावे. भरपूर उजेडात सात-आठ मीटरवर ट्रायपॉडवर कॅमेरा लावावा, कंपनरोधक यंत्रणा बंद करावी, ॲपर्चर एफ/८ ठेवावे. मागच्या पडद्यावर चित्र मोठे करून हाताने फोकस करावे आणि दोन सेकंदांच्या टायमरवर फोटो घ्यावा. मग कॅमेऱ्याच्या स्वयंचलित फोकसने तोच फोटो घ्यावा.

दोन्हींत बारीक अक्षरे वाचता आली, तर लेन्स निर्दोष. हाताने केलेला फोटो स्वच्छ आणि स्वयंचलित पुसट असेल, तर फोकसच्या जुळणीत फरक आहे. अनेक डीएसएलआर कॅमेऱ्यांत तो दुरुस्त करण्याची सोय असते. अक्षरे एका बाजूला स्वच्छ आणि दुसऱ्या बाजूला पुसट असतील, तर कॅमेरा भिंतीला समांतर होता का हे आधी पाहावे. तो समांतर असूनही फरक राहिला, तर आतले एखादे भिंग सरकलेले असू शकते. ती लेन्स दुरुस्तीला न्यावी.

माझ्या फोटोंत अग्रलेखाखालची बारीक ओळसुद्धा वाचता आली. लेन्स विकण्याचा विचार तिथेच संपला. एक मर्यादा मात्र दिसली. पूर्ण ३०० मिलिमीटर आणि पूर्ण उघडे ॲपर्चर या जोडीत अक्षरे किंचित मऊ होती, २६० मिलिमीटर आणि एफ/८ ला ती उठून दिसली. मध्यम किमतीच्या बऱ्याच झूम लेन्सचा हा स्वभाव असतो. उजेड असेल तेव्हा एक टप्पा ॲपर्चर बारीक करावे. फार बारीक, म्हणजे एफ/१६ किंवा एफ/२२ मात्र करू नये, कारण तिथे प्रकाशाच्या विवर्तनाने चित्र पुन्हा मऊ होते.

निघण्यापूर्वी

रविवारी बाहेर पडण्याआधी घरीच, सावकाशपणे एवढे करून ठेवावे. शटर वेग १/१०००, ॲपर्चर सर्वांत मोठे किंवा एक टप्पा बारीक, आयएसओ ऑटो. फोकस सतत बदलणारा, बिंदू एक किंवा लहान गट. कंपनरोधक यंत्रणा चालू. काच पुसलेली, फिल्टर काढलेले, हूड लावलेले. पहिला फोटो कोणत्याही फांदीचा घ्यावा, तो पडद्यावर पूर्ण मोठा करून पाहावा आणि मगच पुढे जावे. पक्षी उडाला तर एकच चाक फिरवून वेग १/२००० वर नेता यावा, इतका सराव हाताला असावा.

आणि वाचकांना एक विनंती. फोटो मोबाईलच्या संदेशसेवेतून पाठवताना तो नेहमीच्या पद्धतीने पाठवला, तर वाटेत आकसतो. मूळ फोटो स्वच्छ असूनही आमच्यापर्यंत तो धूसर पोहोचतो आणि दोष मात्र पुन्हा हातावर जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ई-मेलने मूळ फाइल पाठवावी.

त्या बांधावर मी अजूनही जाते. पाणमांजरे पुन्हा भेटली नाहीत. बगळे, खंड्या, कधी एखादी घार भेटते. ते आठ फोटो मी पुसलेले नाहीत. नवा कॅमेरा घेतलेल्या ओळखीच्या कोणी धूसर फोटो दाखवून “हात हलला” म्हटले, की मी ते आठ उघडून समोर ठेवते आणि विचारते, यांतला हात नेमका कुठे हलला आहे, सांगा पाहू.